लेकीचा गुडघा आणि देवीचा उंबरठा

त्या दिवसांत देवीवरचा माझा विश्वास पार डळमळला होता. खोटं कशाला बोलू, मी तिच्याशी कडाकडा भांडले होते. आमची एकुलती एक पोट्टी, छत्तीसगढच्या मंत्रालयात नुकतीच नोकरीला लागलेली, आणि तिच्या उजव्या गुडघ्याला सूज. आधी वाटलं, मुरगळला असेल. बरेच दिवस तेल चोळलं. एक्स-रेचा फोटो काढला तेव्हा मांडीच्या हाडाचं खालचं टोक आतून पोखरलेलं दिसलं. सुईने तुकडा काढून तपासला. जायंट सेल ट्यूमर निघाला. डॉक्टर म्हणाले, कॅन्सर नाही, पण ही गाठ हाड खात जाते. ती खरवडून काढायची आणि पोकळीत हाडांचं सिमेंट भरायचं. मात्र त्याआधी हाड मोडून गाठ सांध्यात शिरली, तर गुडघाच काढून कृत्रिम बसवावा लागेल. तोवर पायावर भार नको, असं त्यांनी बजावलं. एवढ्याशा वयात कृत्रिम गुडघा!

दवाखान्यात भरती व्हायला निघालो तेव्हा नवरात्र चालू होतं. आमच्या तात्यापारा मोहल्ल्यातून निघाल्यावर मी देवळापाशी ऑटो थांबवला. आमच्या घरी मोठ्या कामाला निघताना गुडघे टेकून, देवीच्या उंबरठ्याला कपाळ लावूनच निघतात. हे ऑटोतच बसून राहिले. पोरगी कुबड्यांवर कशीबशी आत आली.

"टेक डोकं," मी म्हटलं.

"मम्मी, डॉक्टर ने मना किया है ना!"

"देवीपुढे काही होत नाही. आपरेशनले चालली अन् तिले न टेकता? मले भेव लागून राहिलं ना वं!"

मी रडवेली झालेली बघून बिचारीने एक कुबडी माझ्या हातात दिली, भिंत धरली आणि गुडघा वाकवू लागली.

तेवढ्यात मागून कोणीतरी तिचा दंड धरला. डोक्यावर पदर, हातात नारळ, एक छत्तीसगढी बाई. ना ओळख ना पाळख.

"झन झुक नोनी, तैं ठाढ़े रह. तोर बदला मैं पाँव परत हंव."

वाकू नको म्हणत पोरीला उभीच ठेवून ती स्वतः खाली बसली आणि तिच्या वतीने कपाळ टेकलं. उठून पोरीच्या गालावरून हात फिरवला. मला तर रागच आला. आमच्या मधात पडणारी ही कोण? पण गर्दी रेटत होती. मी काही बोलेपर्यंत ती दिसेनाशी झाली.

दुसऱ्या दिवशी ऑपरेशन थिएटरचं दार हललं की मी उठून उभी राहायचे. शेवटी डॉक्टर बाहेर आले. गुडघा वाचला होता. सांध्याजवळचं हाड म्हणे अंड्याच्या टरफलासारखं उरलं होतं. जरा जोर पडला असता तर मोडलंच असतं. ह्यांना देवळातलं सगळं सांगितलं आणि तिथेच ढसाढसा रडले.

ती बाई पुन्हा भेटली नाही. ती देवी होती असं मी म्हणत नाही. तिचे उपकार मात्र जन्मभर फिटायचे नाहीत. गाठ उलटू शकते, क्वचित फुप्फुसातही जाते, म्हणून गुडघ्याचे, छातीचे फोटो अजून काढावे लागतात, आणि दर वेळी जीव टांगणीला लागतो. परवा पोरगी फोटोला आत गेली. मी बाहेर हात जोडले, पण नवस बोलायला तोंडच उघडेना. एवढंच म्हटलं, "माय, मले काही समजत नाही. पोट्टी तुझीच आहे, तूच तिच्याकडे पाह्य."