लिटरमागे नऊ

सुचित्रा परब गाडी शिकली तेव्हा तिची चाळिशी उलटली होती. माहेर फणसवाडीतल्या चाळीतलं. तिथे घरात सायकलसुद्धा कधी आली नाही, कारण आणून ठेवणार कुठे? सासर लालबागचं. चाळ पाडून टॉवर झाला, परबांच्या वाट्याला एक पार्किंग आलं आणि बरीच वर्षं त्यात शेजाऱ्यांच्या बाइक लागत राहिल्या. मग सासूबाई, शांता, गेल्या. सासरे लवू परब यांचं हृदयाचं दुखणं निघालं. परळच्या हॉस्पिटलात वरचेवर खेपा सुरू झाल्या आणि एवढ्याशा अंतराला टॅक्सीवाले मान हलवून पुढे जायला लागले. तेव्हा त्यांच्या थोरल्या मुलाने, अजितने, गाडी घेऊन दिली.

अजित आणि त्याची बायको सुनेत्रा खारघरला राहायचे, तो बेलापूरच्या एका कंपनीत बऱ्या हुद्द्यावर होता. गाडी त्याच्या नावावर, पेट्रोलचं कार्डही त्याचंच. ‘‘बाबांना तुम्ही बघता. माझ्याकडून एवढं तरी होऊ दे,’’ असं तो म्हणाला होता आणि त्यात खोट काही नव्हती. धाकटा राहुल, म्हणजे सुचित्राचा नवरा, विमानतळावर कार्गोत दुपारपाळीला असे. मुंबईच्या ट्रॅफिकमध्ये स्टिअरिंग धरायचं म्हटलं की त्याच्या हाताला घाम सुटे. म्हणून शाळेच्या ऑफिसातली क्लार्क सुचित्रा सकाळी सकाळी काळाचौकीच्या क्लासवाल्याकडे जाऊन शिकली. टॉवरमधली गाडी चालवणारी ती पहिली सून. बायका गॅलरीतून बघत. तिला ते आवडे. पण तसं तिने कधी कुणाला बोलून दाखवलं नाही.

पहिलं वर्ष बरं गेलं. मग लवूबाबांचं बिघडायला लागलं, आणि ते हृदयाचं नव्हतं.

आधी चष्मा, किल्ल्या, जेवलो की नाही जेवलो. राहुल म्हणाला, वयाने होतं. मग एका संध्याकाळी ते लुंगीवरच खाली उतरले आणि चिंचपोकळीच्या पुलाच्या तोंडाशी सापडले. ‘‘पाळयेक उशीर झालो,’’ एवढंच म्हणत होते. ज्या गिरणीच्या साचेखात्यात, मागांवर, त्यांनी उमेदीची वर्षं घातली, तिथे आता काचेच्या इमारती होत्या. डॉक्टरांनी तपासण्या केल्या, रोगाचं नाव सांगितलं, आणि हे आता वाढतच जाणार, असंही सांगितलं.

संध्याकाळ झाली की ते घरात थांबेनात. दाराची कडी काढायला जात, अडवलं की हात उगारत. सून शाळेतून दमून आलेली, नवरा ड्युटीवर. एकदा काही सुचेना म्हणून तिने त्यांना गाडीत बसवलं. भारतमाता थिएटरच्या सिग्नलपर्यंत पोचेतो बाबांच्या मुठी सुटल्या होत्या. काचेतून बाहेर बघत ते म्हणाले, ‘‘हयसर वडे बरे गावत.’’ तिने बाजूला पाहिलं. चेहरा शांत होता.

तेव्हापासून रोज. लालबाग, करी रोड, डिलाईल रोड, वळसा घालून परळ, परत लालबाग. एल्फिन्स्टनचा पूल पाडायला घेतल्यापासून सगळी रहदारी करी रोडच्या पुलावर येऊन तुंबायची. पहिला गिअर, दुसरा, परत पहिला. अर्धा क्लच दाबून पाय भरून यायचा. मागचे हॉर्न वाजवायचे, पुढची बस हलायची नाही. बाकीचे लोक शिव्या घालत असायचे आणि बाबा मात्र असल्या तुंबलेल्या रस्त्यातच सगळ्यात खूश. गाडी रांगत असली की त्यांना फुटपाथवरची माणसं नीट दिसत. दुकानांच्या पाट्या वाचायला वेळ मिळे. कुणाला तरी ओळखल्यासारखे ते हात करत. रस्ता मोकळा मिळून गाडीने जरा वेग घेतला की लगेच घाबरून म्हणत, ‘‘हळू गो, हळू. खंय पळतंस?’’

घरी आलं तरी संपायचं नाही. पार्किंगमध्ये इंजिन बंद केलं की ते दार उघडून चालू लागत. इंजिन चालू असेल तर बसून राहत, कधी डोळा लागे. म्हणून ती एसी लावून, इंजिनाची घरघर चालू ठेवून तशीच बसे. मोबाइलवर शाळेचे मेसेज बघे, नाहीतर काहीच बघत नसे. राहुल आला की दोघं मिळून त्यांना वर नेत. एका जागी उभी गाडी पेट्रोल पीत राही आणि किलोमीटरचा आकडा हलत नसे.

हे अजितला माहीत नव्हतं. बाबा ‘थोडं विसरतात’, एवढंच त्याला सांगितलं होतं. राहुलनेच तसं ठरवलं होतं. अजितच्या सासऱ्यांना असंच झालं तेव्हा त्यांना कर्जतच्या बाजूला एका संस्थेत ठेवलं होतं, आणि अशा माणसाला घरी ठेवणं हा त्याच्यावरच अन्याय, असं अजित तेव्हा चारचौघांत म्हणाला होता. ‘‘दादाला कळलं तर तो बाबांना तिकडे टाकेल,’’ राहुल म्हणे. अजित रविवारी सकाळी यायचा. सकाळी बाबा बरे असत. चहा पीत, हसत, विचारलं तेवढ्याला उत्तर देत. तास-दोन तास निभावून जाई.

पण प्रत्येक वेळी टाकी भरली की पेट्रोलच्या कार्डाचा मेसेज अजितच्या फोनवर जात होता. हिशेबी माणूस. त्याने एका रविवारी खाली जाऊन मीटर पाहिला आणि वर येऊन सोफ्यावर बसत म्हणाला, ‘‘सुचित्रा, ही गाडी नऊ देतेय.’’

‘‘काय नऊ?’’ राहुलने विचारलं.

‘‘अ‍ॅव्हरेज. लिटरमागे नऊ. कंपनी बावीस सांगते. बावीस कुणाला मिळत नाही, मान्य. सिटीत चौदा धर, अगदी वाईट तेरा. नऊ कसं?’’

‘‘ट्रॅफिक किती असतो, दादा,’’ सुचित्रा म्हणाली. ‘‘पूल बंद आहे. एसी लागतो. आणि हॉस्पिटल एवढ्याशावर, इंजिन गरम व्हायच्या आत पोचतो आपण.’’

यातलं खोटं काहीच नव्हतं. म्हणूनच तिला बोलताना कसंतरी झालं.

अजितने गाडी सर्व्हिसिंगला नेली. तिथे त्यांनी प्लग पाहिले, फिल्टर बदलला, चाकांतली हवा पाहिली, दोष काही सापडला नाही. पंपावर कमी भरतात का म्हणून त्याने पंप बदलायला सांगितला. पार्किंगमधून कुणी काढून घेतं का, म्हणून वॉचमनलाही विचारलं. शेवटी एका शनिवारी तो स्वतःच गाडी घेऊन गेला. टाकी काठोकाठ भरली, खारघर, तिथून पुढे लोणावळ्यापर्यंत जाऊन आला आणि परत भरून पाहिली. पंपावरूनच त्याने सुचित्राला फोन केला.

‘‘वीस दिलं. गाडी ठणठणीत आहे.’’ तो म्हणाला, ‘‘मग माझ्या मागे तिचं काय होतं, सुचित्रा? कुणाला चालवायला देता का तुम्ही? भाड्याने वगैरे? खरं सांग, मी रागावणार नाही.’’

राहुल समोर बसून ‘सांगू नको’ अशी मान हलवत होता. इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच तिला नवऱ्याचा संताप आला. संध्याकाळी त्या गाडीत तो कधी बसला होता?

‘‘दादा,’’ ती म्हणाली, ‘‘मंगळवारी ऑफिसातून थेट इकडे या. संध्याकाळी. माझ्याबरोबर गाडीत बसा.’’

तो आला. राहुल ड्युटीवर गेला होता. सुट्टी काढतो म्हणाला होता, काढली नाही. बाबांना सुचित्राने आधीच खाली आणून पुढच्या सीटवर बसवलं होतं. अजित मागे बसला. गाडी भारतमाताला अडकली, मग पुलावर अडकली. डॅशबोर्डवरचा अ‍ॅव्हरेजचा आकडा उतरत होता. अजित सुरुवातीला मागून वाकून त्याच्याकडेच बघत होता.

पुलाच्या मधोमध बाबांनी मान वळवली. मागच्या माणसाला त्यांनी नीट न्याहाळलं आणि मग अदबीने विचारलं, ‘‘तुमी खंयचे?’’

अजितला वाटलं, चेष्टा. ‘‘बाबा, मी. अजित.’’

‘‘अजित?’’ बाबा हसले. ‘‘माझ्या थोरल्या झिलाचा नाव अजित. तो पण असोच दिसता, तुमच्यासारखो. खारघराक ऱ्हवता. कामात लय आसता. येवक गावना नाय त्याका.’’

मागची बस जोरात हॉर्न देत होती. सुचित्राने गाडी पुढे घेतली. आरशात पाहायचं तिने टाळलं. मग अजित पाहुण्याच्या आवाजात म्हणाला, ‘‘चांगला आहे का मुलगा?’’

‘‘चांगलो आसा,’’ बाबा म्हणाले, आणि परत काचेबाहेर बघू लागले.

पार्किंगमध्ये इंजिन चालू ठेवून तिघं बसून राहिले. बाबांचा डोळा लागल्यावर अजित खाली उतरला आणि तिला बोलावलं. खांबाआड उभं राहून तो दबक्या आवाजात बोलला. ‘‘माझ्या बापाला काय झालंय, ते मला पेट्रोलच्या हिशेबातून कळावं? तुम्ही मला काय समजता?’’

राहुलचं नाव घेणं तिच्या जिवावर आलं. ‘‘चुकलं आमचं,’’ ती म्हणाली.

‘‘आणि तू हे रोज करतेस?’’

‘‘रोज.’’

त्याने तोंड फिरवून डोळे पुसले.

कर्जतचा विषय त्याने काढलाच नाही. ‘‘मी त्यांना माझ्या घरी नेतो,’’ म्हणाला. ‘‘सुनेत्रा घरी असते. दिवसरात्रीची बाई ठेवीन. मोठं घर आहे, समोर बाग आहे, रस्ते मोकळे आहेत. तुमच्याकडून झालं तेवढं पुष्कळ झालं.’’ राहुल भांडला, रडला, पण ‘मी सांभाळतो’ हे शब्द काही त्याच्या तोंडून निघाले नाहीत. बाबांना न्यायला अजित आला तेव्हा गाडीही तिकडेच न्यायचं ठरलं. सुचित्राने त्यांचे कपडे भरले. गाडी गेटबाहेर वळल्यावर तिला पहिल्यांदा काय वाटलं असेल, तर सुटका. त्या संध्याकाळी ती पाय पसरून नुसती बसून राहिली, आणि आपल्याला हलकं वाटतंय याचीच तिला भीती वाटली.

पहिल्या आठवड्यात अजितचे फोन उत्साहाचे असत. बाबा जेवले, बाबा झोपले. ‘‘आणि गाडी अठरा देतेय,’’ असंही त्याने एकदा सांगितलं. मग फोन कमी झाले.

सुचित्रा आणि राहुल भेटायला गेले तेव्हा बाबा खिडकीशी खुर्चीत होते. अंग वाळलं होतं. संध्याकाळ होताच ते दाराकडे निघाले. अजितने त्यांना गाडीत बसवलं, सुचित्राही बसली. रुंद, सरळ रस्ता, दुतर्फा झाडं, माणूस औषधालाही नाही. अजितने सवयीने चौथा गिअर टाकला, तसे बाबा सीटचा पट्टा ओढायला लागले. ‘‘ह्यो रस्तो न्हय. माका खंय नेतास? उतरव माका!’’ दाराचं हँडल ते खडखडवत राहिले. अजितने गाडी बाजूला घेतली. त्याचा चेहरा उतरला होता.

‘‘रोज असंच होतं,’’ तो म्हणाला. ‘‘मी हळू चालवून बघितली. दुसऱ्या गिअरमध्ये. उभीही करून ठेवतो. पण बाहेर कुणी दिसतच नाही ना त्यांना.’’

‘‘परत लालबागला आणूया, दादा,’’ सुचित्रा म्हणाली. परत तो क्लच, तो पूल, ती पार्किंगमधली बैठक, हे सगळं तिला दिसत होतं. तरी ती म्हणाली.

अजितने मान डोलावली. पुढच्या महिन्यात आणायचं ठरलं. तेवढ्यात बाबा न्हाणीघरात पडले. मांडीचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं, मग छातीत कफ धरला. शेवटचे दिवस त्यांनी कुणालाच ओळखलं नाही, आणि कुठे जायचंही म्हणाले नाहीत.

दिवसकार्य झाल्यावर अजित गाडी घेऊन लालबागला आला. ‘‘तू ठेव,’’ तो सुचित्राला म्हणाला. ‘‘तुझ्याशिवाय ती नीट चालवलीच नाही कुणी.’’

तिने नको म्हटलं. कारण विचारलं नाही त्याने. महिनाभर गाडी पार्किंगमध्ये धूळ खात उभी राहिली. शेवटी विकायचं ठरलं, आणि शिवडीचा एक गृहस्थ बायकोला घेऊन बघायला आला. त्याने बॉनेट उघडलं, चाकं पाहिली आणि सगळेच विचारतात ते विचारलं, ‘‘अ‍ॅव्हरेज किती देते?’’

राहुलने बायकोकडे पाहिलं.

‘‘तुम्ही कुठे चालवणार, त्यावर आहे,’’ सुचित्रा म्हणाली.

गृहस्थ हसला, त्याला ते विक्रेत्याचं उत्तर वाटलं. व्यवहार झाला. पार्किंगची जागा सोसायटीतल्या दुसऱ्या कुणी मागून घेतली. भाऊ आता फोनवर बोलतात. सणावारी बोलतात, बाबांचा विषय टाळून बोलतात. राहुलने पाळी बदलून घेतलीय, तो संध्याकाळी घरी असतो. टीव्ही चालू असतो. सुचित्रा शाळेतून चालत येते. करी रोडच्या पुलावर अजून तशीच रांग असते. गाड्या इंचभर सरकतात, थांबतात. ती कठड्याला धरून थोडा वेळ उभी राहते. आतली माणसं मोबाइलमध्ये डोकं घालून बसलेली असतात, बाहेर कुणी बघत नाही. मग ती पिशवी दुसऱ्या हातात घेते आणि पूल उतरू लागते.