डावा कोपरा रिकामा होता

माझ्या मुलाच्या मानेवर गुडघा बसला तेव्हा मी मैदानापासून चार हातांवर होते. आवाज ऐकू आला. सुकलेली झावळ पायाखाली मोडते तसा. मुलगा पालथा पडला आणि तसाच राहिला.

गुडघा आमच्याच माणसाचा होता. आमचा मधला रक्षक मागून धावत आला आणि न बघता अंग टाकून मोकळा झाला. हे मला दिसलं. लोकांनी पाहिला तो फक्त चढाईला आलेला गडी, खाडीपलीकडच्या संघाचा. त्याचा घोटा माझ्या मुलाने धरला होता, म्हणून तोच मुलाच्या अंगावर पडल्यासारखा दिसला. हात सुटल्यावर तो गडी मधल्या रेषेकडे पळाला नाही. वळला, गुडघे टेकले आणि माझ्या मुलाचं डोकं दोन्ही हातांनी गच्च धरलं.

"मारतोय! पडलेल्याला मारतोय!" कुणीतरी ओरडलं.

मग आमची माणसं आत घुसली. दोरी बांधायला रोवलेले बांबू उपटले. पहिला बांबू त्याच्या खांद्यावर बसला, दुसरा पाठीवर. एकाने बरगडीत लाथ घातली. तो वाकला, पण हात डोक्यावरून काढले नाहीत. त्याच्या नाकातून रक्त येत होतं आणि ते माझ्या मुलाच्या कानावर ठिबकत होतं. "हलवू नका," एवढंच तो ओरडत होता. "हलवू नका त्याला!" कोण ऐकतो?

हा गडी आधी आमचाच होता. सात हंगाम माझ्या हातचं जेवलेला. आणि त्याला धरायला त्या दिवशी माझा मुलगा डाव्या कोपऱ्यावर उभा होता, तो माझ्यामुळे. आता त्याआधीच्या पावसाळ्याचं सांगते.

आमच्याकडे कबड्डीचे सामने दिवाळीनंतर सुरू होतात आणि आंब्याच्या हंगामापर्यंत चालतात. पण संघ बनतो पावसाळ्यात. होड्या किनाऱ्यावर ओढलेल्या असतात, माणसं रिकामी असतात, तेव्हा कोण कुठून फुटला आणि कोण कुणाकडे गेला याशिवाय गावात दुसरा विषय नसतो. मुंबईच्या कंपन्या चांगला खेळणारा बघून नोकरी देतात आणि आपल्या संघात घेतात. टीव्हीवरच्या मोठ्या स्पर्धेचे लोक येऊन बघून जातात. उरलेले गडी आम्ही गावं एकमेकांची पळवतो. नारळी पौर्णिमेला नारळ समुद्रात गेला की संघ बंद. त्यानंतर आमच्या बाजूला कुणी माणूस बदलत नाही. का, ते मला विचारू नका. पूर्वीपासून तसंच आहे.

संघ माझ्या नवऱ्याने उभा केला होता. तो गेल्यावर माझे धाकटे दीर बघायला लागले. मी चौथी शिकले आणि पुढे आयुष्यभर मासळी विकली. पण चाळीस वर्षं या पोरांना जेवायला घातलं आहे. कोण कसा चालतो, कुणाची टाच दुखते, कोण खाली बसताना आधी हात टेकतो, हे जेवायला वाढताना दिसतं. भाऊजी दर पावसाळ्यात माझ्या पडवीत येऊन बसत आणि जुन्या कॅलेंडरच्या मागे नावं लिहीत.

"वहिनी, बोला. काय कमी हाय यंदा?"

"डोकं कमी हाय. तुमच्यापासून सुरुवात करा."

ते हसले नाहीत. त्या वर्षी हसण्यासारखं काही नव्हतं. दोन माणसं गेली होती. डावा कोपरा सांभाळणाऱ्याला मुंबईत कंपनीने नोकरी दिली, आणि आमचा सगळ्यात चांगला चढाईचा गडी खाडीपलीकडे गेला. त्यांच्या जागी भाऊजींनी दोघे आणले. पूर्णगडाकडचा एक उंच पोर, दम चांगला. पण त्याच्याकडे एकच खेळ. डावा पाय पुढे टाकून हात लांब करायचा. दोन सामन्यांत सगळ्यांना कळेल आणि तिसऱ्यात त्याला मासा काढावा तसा काढतील, असं मी म्हटलं. आंजर्ल्याकडून एक मधला रक्षक आणला. अंगाने रेडा. भाऊजी त्याच्यावर खूष होते.

"एकटा धरून बाहेर नेतो, वहिनी."

"नेतो. पण बघत नाय. सरावाला आपल्याच माणसाच्या हातावर पाय दिलान दोनदा. मी बघितलंय."

"शिकंल."

"तिशी उलटल्ये त्याची. आता काय शिकंल?"

बाकीच्या गावांचंही आम्ही बोललो. संगमेश्वराकडच्या एका संघाने कुणालाच सोडलं नव्हतं. त्याचं फार कौतुक चाललं होतं. मला त्यात काही दिसलं नाही. सात जणांत चौघांचे गुडघे बांधलेले होते. न सोडणं म्हणजे सांभाळणं नव्हे, दुसरा मिळाला नाही म्हणूनही माणूस ठेवतात. खाडीपलीकडच्यांनी मात्र चोख काम केलं होतं. त्यांना चढाई हवी होती, त्यांनी चढाई आणली. बाकी काही हलवलं नाही. असं शहाणपण आमच्या भाऊजींना कधी जमलं नाही. दोन भोकं असली तर ते तिसरीकडे ठिगळ लावायचे.

आमचं खरं भोक डावा कोपरा होता. कोपऱ्यावरचा माणूस खाली वाकून घोटा धरतो. बाकीचे त्याच्यामागून येतात. कोपरा गेला की संघ गेला.

माणसं दोन होती. एक वरच्या गावातला तरुण, चपळ, पण कच्चा. दुसरा माझा मुलगा. चौतीस वर्षांचा. आदल्या वर्षी चटईवर डोक्यावर पडला होता. त्यानंतर त्याच्या उजव्या हाताला मुंग्या यायच्या. चहाचा कप हातातून सुटायचा. मी त्याला रत्नागिरीत डॉक्टरकडे नेलं. डॉक्टरांनी फोटो उजेडाला धरून दाखवला आणि म्हणाले, "मानेतला मणका सरकलाय. पुन्हा मार बसला तर हातपाय जातील, किंवा जीव जाईल." हे त्याला आणि मला, दोघांनाच ठाऊक होतं.

"काकाला सांगू नको, आये," तो एसटीत म्हणाला.

"मग खेळू नको."

"बघू."

भाऊजींना तरुण पोर हवा होता. गावच्या चार म्हाताऱ्यांना नको होता. बाहेरचा कोपऱ्यावर नको, तो ऐन वेळी ढिला पडतो, असं त्यांचं म्हणणं. महिनाभर भांडण चाललं. नारळी पौर्णिमा तीन दिवसांवर आली तेव्हा ठरलं की देवीला कौल लावायचा.

त्याच आठवड्यात तो फुटलेला गडी मला बाजारात भेटला. मोठ्या स्पर्धेच्या संघाच्या शिबिराला जाऊन आला होता. नवे बूट, नवा मोबाईल. चार जण बरोबर होते.

"काकी, कोपऱ्यावर कोण उभा करताय यंदा? नायतर सोलून टाकलेलं नारळाचं सोडण ठेवा एखादं. तेवढंच अडवंल."

बरोबरचे हसले. मासळीवाल्या बायका पण हसल्या.

"सोडणावर पाय सरकतो, मेल्या," मी म्हटलं. "तोंडावर पडशील."

"धरणारा हाय कोण तुमच्याकडे?"

तो असाच बोलायचा. घरात असताना पण. तेव्हा मला राग यायचा नाही. त्या दिवशी आला. सात हंगाम त्याला ताप आला तर काढा मी दिला, त्याचे कपडे माझ्या दोरीवर वाळले, आणि जाताना सांगायला सुद्धा आला नाही. त्याला धरणारा एकच माणूस होता. माझा मुलगा. दोघे सात वर्षं रोज एकमेकांशी सराव करत. तो बोनसचा गुण घ्यायला उजवा पाय टाकतो तेव्हा आधी डावा खांदा पाडतो, हे माझ्या मुलाशिवाय कुणाला कळत नव्हतं. मला तो गडी सगळ्यांसमोर मातीत तोंड घालून पडलेला बघायचा होता. खोटं का सांगू.

कौलाला देवळात पन्नासेक माणसं होती. गुरवाने देवीच्या दोन्ही बाजूंना ओल्या कळ्या लावल्या. उजवी पडली तर घरचा माणूस, डावी पडली तर बाहेरचा. गाऱ्हाणं घालण्याआधी गुरव वळला आणि विचारलं, "कुणाला काय सांगायचं हाय? आता सांगा. मागनं बोलायचं नाय."

माझा मुलगा खांबाला टेकून उभा होता. माझ्याकडे बघत होता. मी बोलेन अशी त्याला भीती होती. मी बोलले असते तर तिथेच मिटलं असतं. डॉक्टरांचा कागद माझ्या ट्रंकेत होता. मी पदर सारखा केला आणि गप्प राहिले.

उजवी कळी पडली. म्हाताऱ्यांनी हात जोडले. भाऊजी माझ्यापाशी आले आणि हळूच म्हणाले, "देवीला कोपरा काय कळतो, वहिनी?"

"तुम्हाला तरी कळतो?" मी म्हटलं.

देवीला दोष देणार नाही. तिला जेवढं सांगितलं तेवढ्यावर तिने उत्तर दिलं. जे सांगायचं ते मी सांगितलं नव्हतं.

हंगामात आमचं बरं चाललं. उंच पोराला तिसऱ्या सामन्यात ओळखलं, मी म्हटल्यासारखं. रेड्याने दोन सामने एकट्याने जिंकून दिले आणि एकदा आपल्याच माणसाचा दात पाडला. मुलगा संध्याकाळी घरी येऊन उजवा हात मांडीवर ठेवून चोळत बसायचा. मी तेल गरम करून द्यायचे. खाडीपलीकडच्यांशी गाठ पडली ती शेवटच्या आधीच्या फेरीत, माघात, दुपारी चार वाजता.

तो चढाईला आला. माझ्या मुलासमोर उभा राहिला आणि मांडीवर थाप मारली. डावा खांदा पाडला. मुलगा खाली गेला आणि त्याने घोटा धरला. स्वच्छ धरला. मी उभी राहून ओरडले, "धर! सोडू नको!" तेवढ्यात रेडा आला.

पुढचं अर्धं वर सांगितलं आहे. लोक त्या गड्याला मारत होते आणि तो मुलाचं डोकं धरून बसला होता. भाऊजी आणि आणखी दोघे मुलाला उचलायला धावले. एकाने खांद्याखाली हात घातला, भाऊजींनी पाय धरले. आमच्याकडे पडलेल्या माणसाला असंच उचलतात. हातपाय धरायचे, झोळीसारखं न्यायचं. होडीवर, मैदानात, सगळीकडे. मीही आयुष्यभर तेच केलं असतं.

त्या गड्याने मान वर केली आणि माझ्याकडे बघितलं. एक डोळा सुजून मिटला होता.

"काकी, यांना थांबवा. मान गेल्ये त्याची. शिबिरात शिकवलंनी. उचललं की मरंल."

मला डॉक्टरांचा उजेडाला धरलेला फोटो आठवला. मी बसले होते ती प्लास्टिकची खुर्ची उचलली आणि भाऊजींच्या पाठीत घातली. ते मागे वळले तेव्हा तोंडावर घातली. त्यांचा ओठ फाटला, पाय हातातून सुटले. दुसऱ्याच्या कानशिलावर मारली तेव्हा खुर्चीचा पाय तुटला. मग तोच पाय घेऊन मी आमच्या माणसांना मारायला लागले. डोकं, हात, जे समोर येईल ते. एकाला शिव्या घातल्या त्या मी जन्मात कुणाला घातल्या नव्हत्या.

"म्हातारी पिसाळली!" कुणीतरी म्हणालं.

"पिसाळल्ये! या पुढे!"

बांबू धरलेला एक जण तरीही पुढे आला. तो रेडाच होता. रडत होता आणि मारत होता. त्याचा शेवटचा फटका त्या गड्याच्या कमरेवर, डाव्या बाजूला बसला. तो एकदाच ओरडला. हात तेव्हाही हलले नाहीत. मी रेड्याच्या मनगटावर दात लावले. तोंडात रक्त येईपर्यंत सोडलं नाही. बांबू पडला.

मग मी मुलाच्या आणि त्या गड्याच्या पुढ्यात पाय पसरून बसले आणि कुणाला जवळ येऊ दिलं नाही. दवाखान्याची गाडी यायला बराच वेळ लागला. तेवढा वेळ तो गडी वाकून, मुलाच्या कानाशी तोंड नेऊन बोलत होता. "डोळे उघडे ठेव. पकड चांगली होतीस रे. मी गेलोच होतो. डोळे उघडे ठेव, भाड्या." मुलाची पापणी हलायची.

गाडीवाल्यांनी मानेला पट्टा बांधला तेव्हा त्यांना त्या गड्याची बोटं एकेक करून सोडवावी लागली. मग तो आडवा झाला आणि रक्त ओकला. दोघांना एकाच गाडीतून नेलं. रत्नागिरीहून दोघांना कोल्हापूरला पाठवलं. वाटेत घाटात मी त्या दोघांच्या मध्ये बसले होते. भाऊजी पुढे बसले होते, ओठावर रुमाल धरून. तेव्हा मी त्यांना डॉक्टरांच्या कागदाचं सांगितलं. त्यांनी मागे वळून बघितलं नाही. आजही ते माझ्याशी कामापुरतं बोलतात. त्यांचं बरोबर आहे.

पोलिसांनी विचारलं तेव्हा मी रेड्याचं नाव सांगितलं आणि बांबू उपटणाऱ्या आणखी चौघांची. गावाला ते आवडलं नाही. त्यांच्या बायका माझ्याकडून मासळी घेत नाहीत.

माझा मुलगा जगला. तो काठी घेऊन चालतो, उजवा हात खांद्याच्या वर जात नाही. तो गडीही जगला. त्याचं डावं मूत्रपिंड काढावं लागलं आणि आता तो खेळत नाही.