बंद न पडणारं इंजिन

माझा नवरा अणुवीज केंद्रात डिझेल इंजिनांवर आहे. अणुभट्टीत डिझेल कशाला, असं लोक विचारतात. लग्न झाल्यावर मीही विचारलं होतं, आणि त्यापायी पुढच्या कितीतरी संध्याकाळी ऐकण्यात घालवल्या.

केंद्र वीज तयार करतं, पण बाहेरची लाइन तुटली आणि भट्टी बंद करावी लागली की त्याची स्वतःचीच पंचाईत होते. चूल विझवली तरी निखारे तापत राहतात, तसं भट्टीतलं इंधन बंद केल्यावरही तापत राहतं. त्यावर पाणी फिरवत ठेवावंच लागतं, आणि ते फिरवणारे पंप चालवायला ही डिझेल इंजिनं. खोलीएवढी मोठी. एरवी नुसती उभी असतात, पण त्यांना गार पडू देत नाहीत. त्यांचं तेल आणि पाणी हीटर लावून कोमट ठेवतात. दाबून भरलेली हवा आत सोडली की मनात दहा मोजेपर्यंत इंजिन पुऱ्या वेगात येतं आणि मग एकेक पंप ओळीनं अंगावर घेतं. सगळे एकदम टाकले तर ते दबून जाईल. हे सांगताना नवऱ्याचा चेहरा असा उजळायचा की माझ्याकडे बघून तो तसा कधी उजळला नाही.

महिन्यातून ठरल्याप्रमाणे चाचणी असायची. त्या दिवशी तो कानात दडे घेऊन घरी यायचा आणि मोठ्यानं बोलायचा. चाचणीच्या दिवशी इंजिनाचे फार लाड. तेलाचा दाब उतरला, की ते आपोआप बंद. पाणी तापलं, बंद. थरथर वाढली, बंद. याला ते लोक ट्रिप होणं म्हणतात. पण खरोखरची वेळ आली, बाहेरची लाइन गेली, की हे बहुतेक सगळे ट्रिप बाजूला काढले जातात. वेग हाताबाहेर गेला किंवा जनरेटरच्या आतच बिघाड झाला, तरच ते थांबायचं. बाकी कशासाठी नाही. दिवे लाल होऊ देत, भोंगे वाजू देत.

"मग इंजिन जळंल ना," मी म्हटलं.

"जळू दे. इंजिन गेलं तर चालतं. पाणी थांबलेलं चालत न्हाई."

मला त्या इंजिनाची दया आली होती. तेव्हा मला माहीत नव्हतं की याच नियमानं आपलीही नेमणूक व्हायची आहे.

माझे सासरे वसमतला राहायचे. मी त्यांना मामा म्हणायचे. आयुष्यभर एसटीच्या स्टँडवर कंट्रोलर होते, हातात माइक. परभणीची गाडी लागली, नांदेडची गाडी सुटली, सगळं त्यांच्या आवाजावर. रिटायर झाले तरी माइक घशातून निघाला नव्हता. सासूबाई त्या आवाजाखाली तीस-पस्तीस वर्षं राहिल्या आणि एक दिवस मुकाट्यानं गेल्या. नंतर बिड्यांनी मामांची फुप्फुसं खाल्ली. डॉक्टरांनी घरीच ऑक्सिजनचं मशीन लावायला सांगितलं. ते खोलीतल्याच हवेतून ऑक्सिजन वेगळा करून नळीनं नाकात सोडतं, आणि ते विजेवर चालतं.

नवऱ्याला रजा मिळत नव्हती. "तू जा," तो म्हणाला. तेव्हा माझी कंबर धरलेली होती, टाउनशिपमधल्या डॉक्टरनं आराम सांगितला होता. ते सगळं बाजूला काढलं गेलं, आणि मी वसमतला येऊन पुऱ्या वेगात चालू झाले.

उन्हाळ्यात आमच्या भागात लाइट जाणं ही बातमी नसते. इन्व्हर्टर होता, पण लाइट यायला वेळ लागला की बॅटरी मान टाकायची. म्हणून नवऱ्यानं रजेवर येऊन एका हळदीच्या व्यापाऱ्याकडून जुना डिझेल जनरेटर घेतला आणि मागच्या अंगणात पत्र्याच्या खोलीत बसवला. पुढं लोखंडी जाळीचं दार. त्या जनरेटरलाही एक ट्रिप होता. तेल कमी झालं की दाब उतरायचा आणि इंजिन स्वतःहून थांबायचं. आणि तेल कमी व्हायचंच, कारण एका सीलमधून ते गळायचं. मिस्त्री आला, त्यानं बघितलं आणि सांगितलं, "भाभी, खोलना पडेगा. दो-तीन दिन दुकान पे रखना पडेगा."

मामा आतून म्हणाले, "न्हाई. जनरेटर घरातून हलणार न्हाई."

मग मी खाली एक परात ठेवली आणि तेलाची बरणी शेजारी. इंजिन थांबलं की मामांना छोटा सिलिंडर लावायचा, मागं पळायचं, तेल ओतायचं, पट्टी बुडवून खूण बघायची, चालू करायचं. हात काळे, पदर काळा. चहाला उकळी येईपर्यंतचं काम. गावातल्या एका मंडळाकडून तो सिलिंडर वापरायला मिळाला होता आणि मला तो देवासारखा वाटायचा.

पण मामांच्या डोक्यात वेगळंच शिजत होतं. इंजिन आपोआप बंद पडतं यावर त्यांचा विश्वासच नव्हता. मी आत येऊन नळी परत मशीनला लावली की ते माझ्या काळ्या हातांकडे बघायचे.

"काहून बंद केलंस?"

"मी न्हाई केलं मामा. तेल कमी झालं होतं."

"सगळं कळून राहिलंय मला. आमी मरावं म्हून वाट बघून राहिलीस."

त्यांनी मरावं असं मला कधी वाटलंच नाही, असं मी लिहिणार नाही. वाटायचं. भाकरी कडक झाली म्हणून ताट ढकललं की वाटायचं, माझ्या शिरड शहापूरच्या आईबापाचा उद्धार झाला की वाटायचं. पण वाटलं तरी मी बरणी उचलून पळतच होते. मनातलं कुणाला दिसत नाही आणि पळणं दिसतं, असा माझा भाबडा समज होता. प्रत्यक्षात उलटंच झालं. मामांना उसना दम मिळाला की ते खिडकीशी बसून येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचे, की सून मशीनची लाइट तोडते. आवाज खोल गेला होता, पण सांगायची पद्धत स्टँडवरचीच होती. दोनदोनदा, स्पष्ट. आळीला ते पटायला फार दिवस लागले नाहीत.

नवरा पुढच्या रजेवर आला तेव्हा बापानं त्याच्यापुढं रडून दाखवलं. त्यानं मला सरळ काही विचारलं नाही. उठला, पत्र्याच्या खोलीत गेला आणि तेलाच्या दाबाच्या स्विचची वायर काढून टाकली.

"आता बंद पडणारच न्हाई," हात पुसत तो म्हणाला. "आमच्या इथं असंच करतो आमी. आणीबाणी असली की ट्रिप बाजूला."

"तुमच्या इथं एक इंजिन जळालं तर?"

"दुसरं असतंय. वेगळ्या खोलीत, वेगळ्या टाकीवर."

"आणि इथं?"

तो काढलेली वायर गुंडाळायला लागला. मी परत म्हटलं, "अहो, इथं एकच हाय. ते थांबलं तर तेल टाकून चालू करता येतं. जळालं तर काय करायचं?"

"तू मला डिझेल शिकवणार?"

नियम त्यानं आणला होता, पण तो नियम ज्याच्या जिवावर शहाणा ठरतो ते दुसरं इंजिन मागंच राहिलं होतं. इतकी साधी गोष्ट त्याला दिसली नाही, कारण दाखवणारी मी होते. सिलिंडरही त्यानं मंडळाला परत देऊन टाकला. आता गरज काय, दुसऱ्या पेशंटला होईल, म्हणाला. मंडळवाल्यांनी त्याचं कौतुक केलं. आणि जायच्या आदल्या दिवशी जाळीच्या दाराला कुलूप लावून त्यानं किल्ली मामांच्या हातात दिली. चालू करायचं बटण तेवढं वायर ओढून मामांच्या खाटेशी बसवून दिलं. मी तिथंच उभी होते. माझ्यासमोर बापाची समजूत काढताना मी काय समजावं, याचा विचार त्यानं केला नाही. मला त्या वेळी त्याचा जेवढा राग आला तेवढा मामांचा कधी आला नव्हता.

आता तेल टाकायचं तर मामांकडे किल्ली मागावी लागे. कधी देत, आणि मी परत येईपर्यंत किल्लीसाठी हात पसरून बसत. कधी देत नसत. "चालू हाय ना? मग कशाला जातीस तिकडं?"

वैशाखात एका दुपारी वावटळ सुटली. लिंबाचं झाड तारांवर पडलं आणि लाइट गेली. लाइनमन म्हणाला, आज काही खरं नाही. इन्व्हर्टरनं मान टाकल्यावर मामांनी बटण दाबलं, जनरेटर चालू झाला. मी भांडी घासत होते आणि कान मागच्या अंगणात होता. टाउनशिपमध्ये इतकी वर्षं ऐकून ऐकून मलाही इंजिनाचा आवाज कळायला लागला होता. रात्रीची जेवणवेळ टळून गेल्यावर त्यात आधी एक कोरडी टकटक आली. जाळीतून बघितलं तर परात भरत आली होती. म्हणजे इंजिनाच्या पोटात फार काही उरलं नव्हतं.

"मामा, किल्ली द्या. तेल टाकायचं हाय."

"न्हाई."

"इंजिन जळंल. मग मशीन चालायचं न्हाई. दोन मिनिटं बंद करू, लगेच चालू करते."

"दोन मिनिटांत मानूस मरतंय," ते म्हणाले. "तुला ठाऊक हाय ते." आणि किल्लीची मूठ छातीखाली दाबून कुशीवर वळले.

नवऱ्याला फोन लावला. तो ड्यूटीवर होता. तिथं फोन आत नेता येत नाही, बाहेरच्या कप्प्यात ठेवतात. रिंग वाजत राहिली. मी दगड घेऊन कुलूप ठोकलं. नवऱ्यानं आणलेलं कुलूप, चांगल्या कंपनीचं होतं. मग शेजारच्या काकांच्या दारात गेले आणि पहार मागितली. काय झालं तेही सांगितलं. काका पहार घेऊन आमच्या अंगणापर्यंत आले. मला वाटलं, सुटले.

काकांनी खिडकीतून विचारलं, "कुलूप तोडू का?"

मामांनी हात हलवला. "ती मारून राहिली मला. तोडू नका."

काका माझ्याकडे वळले. "म्हातारं न्हाई म्हणून राहिलंय, बाई. आमी कसं तोडावं? उद्या आमच्यावर यायचं." पहार त्यांनी भिंतीला टेकवली सुद्धा नाही, हातातच धरून ठेवली. मी ओढायला गेले तर त्यांनी ती मागं घेतली. काकू आल्या, आणखी दोघीतिघी आल्या. मी हात जोडले. मी माझ्या आयुष्यात कुणापुढं इतकी लाचार झाले नव्हते, आणि ज्याच्यासाठी झाले तो माणूस मला खुनी म्हणत होता.

टकटकीचे ठोके झाले. मग एक किंचाळी आली आणि इंजिन थांबलं. आत ऑक्सिजनचं मशीन लांब शिटी वाजवायला लागलं. इन्व्हर्टर केव्हाच संपला होता.

मी आत गेले. मामा उठून बसले होते, तोंड उघडं. माझ्याकडे त्यांनी पहिल्यांदाच असं बघितलं, की त्यात संशय नव्हता, नुसती भीती होती. त्यांनी मूठ उघडली आणि किल्ली माझ्यापुढं धरली. मी ती घेतली आणि पळाले. कुलूप काढलं. तेल ओतलं, हात भाजले. आत येऊन खाटेजवळचं बटण दाबलं, इंजिन हललंसुद्धा नाही. आतून सगळं एकमेकांना चिकटून बसलं होतं. ऑटो बोलावून मामांना घातलं, डोकं मांडीवर घेतलं. दवाखान्याच्या अलीकडच्या चौकातच ते गेले.

नवरा दुसऱ्या दिवशी सकाळी पोचला. बुद्धविहारातले लोक जमले होते, तयारी झाली होती. तो बापाच्या पायाशी बसला, रडला, आणि मग मागच्या अंगणात गेला. मी त्याच्यामागं गेले. त्यानं पट्टी काढून बघितली. खुणेच्या वरपर्यंत तेल होतं.

"तेल तर भरून हाय," तो म्हणाला.

"ते मी नंतर टाकलं."

"नंतर म्हंजे?"

मी सांगितलं. पहिल्यापासून, क्रमानं सांगितलं. तो ऐकत होता, आणि कुंपणापलीकडं काका उभे होते. नवऱ्यानं त्यांना विचारलं, "काका, किल्ली कुणाकडं होती?"

पहार न दिलेला माणूस आणखी काय सांगणार?

"हिच्याच हातात होती," ते म्हणाले. "आमी सगळ्यांनी बघितलं."

ते खोटं नव्हतं. त्यांनी तेवढंच बघितलं असं ठरवलं होतं. मी पुन्हा सगळं सांगितलं, आवाज चढवून सांगितलं. नवरा म्हणाला, "बरं." त्यानंतर या विषयावर तो एक शब्द बोललेला नाही.

भांडण केलं असतं तर मी भांडले असते. माहेरी जा म्हणाला असता तर गेले असते. तसं काही झालं नाही. तो अजून त्याच केंद्रात आहे, मी वसमतच्या घरात आहे, आणि रजा मिळाली की तो येतो. मी चहा करून देते. कप हातात घेतल्यावर तो पहिला घोट घ्यायच्या आधी जरा थांबतो, मी माझा घोट घेईपर्यंत. मग पितो. मी साखर बरोबर आहे का विचारते, आणि तो हो म्हणतो.