मासळीच्या ट्रकचे बोल्ट

माझा जुना ट्रक मढहून मासळी आणतो. बर्फाचं खारं पाणी गळून चाकांवरच्या कमानपाट्यांचे बोल्ट गंजतात आणि मग मी भांडुपला एका ओळखीच्या मेकॅनिककडे जातो. तो मूळचा मालवणचा. ट्रकखाली आडवा पडून बोल्टशीच बोलत असतो, "चल बाबा, सोड आता." घाई कधीच नाही. तेल सोडतो, थांबतो, हलके ठोके देतो.

परवा एक बोल्ट काही केल्या सुटेना. शेवटी पाना फिरवताना त्याचं डोकंच तुटलं.

"वाट लागली," मी म्हणालो.

अडकलेला तुकडा त्याने करवतीने कापून काढला आणि फेकण्याआधी नाकाशी धरून बराच वेळ हुंगला.

"काय झालं रे?"

"आमच्या बंदराचो वास येता."

आई गेल्यापासून तो गावी गेलेला नाही, एवढं मला ठाऊक होतं.

"उद्या माझ्यासोबत मढला चल ना. समुद्र बघून येशील."

त्याने नवा बोल्ट चढवून आवळला, हात पुसले.

"नको रे. समुद्र दिसलो तर मी परत येवचंय नाय. पोरां हय शिकतत."

मग पुन्हा ट्रकखाली सरकून त्याने तो आवळलेला बोल्ट आणखी एकदा आवळला.