मालनची गुडघेदुखी

"ताई, मालन गेली," एवढंच तिचा नवरा दारात बोलला आणि जिन्यावरच बसला. सव्वा महिना झाला, पण संध्याकाळी बेल वाजली की मला अजून तीच वाटते...

ब्याण्णव साली आम्ही नेरूळला राहायला आलो, तेव्हापासूनची ही साताऱ्याची शेजारीण. नवरा मार्केटात माथाडी, घरात सासू. दर जानेवारीत मालनचे गुडघे दुखायला लागत. मग नवरा म्हणायचा, "ताई, हिला पालीला घेऊन जाता का? तिथल्या उन्हेऱ्याच्या कुंडातल्या गरम पाण्यानं सांधे सुटतात." पहिल्याच वर्षी कुंडातून बाहेर आलो आणि बाईसाहेब म्हणाल्या, "चल, सरसगड चढू." मी म्हटलं, "अगं, आणि गुडघे?"

"गुडघ्याला काय धाड भरलीया? नुसतं फिरून येते म्हणलं असतं, तर धाडलं असतं व्हय मला?"

बया! पदर खोचून ती त्या उभ्या पायऱ्या भराभर चढली आणि मी मागं धापा टाकत. वर भाकरी-ठेचा खाल्ला. मग खालच्या नदीकडे बघत ती तासभर गप्प बसली. तिचं ते बसणं मला फार आठवतं. परतताना आमची सोसायटी दिसली, की ती लंगडायला लागायची. मी हसू दाबायची. सहा वर्षं आम्ही हा उद्योग केला.

गेल्या दिवाळीनंतर म्हणाली, "यंदा खरंच दुखतंय गं." मी म्हटलं, "माझ्यापुढं कसलं नाटक करतेस!" तीही हसली. जानेवारीत गेलो, तर पहिल्याच पायरीवर बसली. "तू जा वर. मी हितंच हाय." तेव्हा कुठं माझे डोळे उघडले. हाडाचा आजार होता, डॉक्टर म्हणाले उशीर झाला. ते दोन महिने माझ्या हसण्यात गेले. तिनं मला एका शब्दानं बोल लावला नाही... लावला असता, तर बरं झालं असतं.

परवा तिच्या सासूनं कपाटातून गुडघ्याला चोळायच्या तेलाची बाटली काढून माझ्या हातात दिली. नवऱ्यानं केव्हातरी आणलेली, सीलसुद्धा फोडलेलं नाही. मग म्हातारीनं विचारलं, "तू संगं असायचीस. खरं सांग, लई दुखायचं का गं तिला?"

"मावशी," मी म्हटलं, "वर्षातला एक दिवस अजिबात नाही."