सोड्यांचं गाठोडं

आमच्या सासूबाईंनी स्वतःसाठी कधी कुणाकडे काही मागितल्याचं मला आठवत नाही. आमटीत मीठ कमी पडलं तर त्या तशीच जेवायच्या, आणि वर मलाच विचारायच्या, "तुका कमी लागता काय गो मीठ?" अशा माणसाबरोबर संसार करणं सोपं असतं असं कुणी समजू नये. त्यांना काय हवंय ते ओळखता ओळखता माझी निम्मी हयात गेली.

पण एका बाबतीत मी भाग्यवान. माझं माहेर कणकवलीच्या पलीकडे, भातशेती आणि काजूच्या बागांचं. मालवणजवळच्या आमच्या वायरीतल्या बाकीच्या सुना दिवाळीला तरी माहेरी धाडतील का म्हणून सासूचं तोंड बघत बसायच्या. मला मात्र आमच्या सासूबाई आपणहून पिटाळायच्या. "जा गो, आवस वाट बघत आसतली तुझी." आणि रिकाम्या हाताने कधीच नाही. पिशवीत सुके बांगडे, सुकवलेल्या कोलंबीचे सोडे, गोळा करून ठेवलेली कोकमाची सोलं, काय काय कोंबून द्यायच्या. मी परत आले की माझ्यापुढे बसून सगळं विचारायच्या. आवशीने, म्हणजे माझ्या आईने, काय रांधलं, वेणी कुणी घातली, निघताना ओटी कशाने भरली. त्यांना स्वतःला माहेर नव्हतं. आई लहानपणीच गेलेली, भाऊ नाही, आणि लग्नानंतर दोन-तीन वर्षांत वडीलही गेले. ते गंगाराम गाडीवान, सावंतवाडीचे. चितारआळीतल्या लोकांना खेळण्यांसाठी पांगाऱ्याचं लाकूड बैलगाडीतून आणून द्यायचे. एवढंच मला ठाऊक होतं, तेही मामंजींकडून. सासूबाई त्याबद्दल अवाक्षर बोलत नसत.

एकसष्ट सालच्या मे महिन्यात आमचे हे मुंबईहून रजेवर आले आणि म्हणाले, आपण सगळी एक दिवस सावंतवाडी बघायला जाऊ. मथुराला, म्हणजे आमच्या तीन वर्षांच्या मुलीला, लाकडी खेळणी घेऊ आणि संध्याकाळी परत येऊ.

वायरीत खळबळच उडाली. लग्नाला जातात, बाराव्याला जातात, कोर्टात जातात, हे लोकांना माहीत होतं. नुसतं बघायला जायचं, ही काय भानगड? शेजारच्या काशीबाईंनी माझ्या धाकट्या दिराच्या लग्नासाठी आम्ही मुलगी बघायला चाललोय असं ठरवून टाकलं आणि दोन स्थळं स्वतःकडचीही सुचवली.

निघायच्या सकाळी मामंजींनी अंगणात नारळ ठेवून गाऱ्हाणं घातलं. ते जन्मभर गलबतावर तांडेल, म्हणजे खलाशांचे म्होरके होते, लवू तांडेल म्हणून बंदरात ओळखले जायचे, आणि गलबत समुद्रात हाकारताना घालायचं तेच गाऱ्हाणं त्यांनी एस.टी.साठी घातलं. "बा देवा म्हाराजा, ही तुझी लेकरां आज सावंतवाडी बघूक चलली आसत. तेंका वाऱ्यावादळातसून सांभाळ, सुखरूप ने, सुखरूप हाड!" आम्ही सगळ्यांनी "व्हय म्हाराजा" म्हटलं. मे महिन्यातल्या डांबरी रस्त्यावर कसलं वादळ येणार होतं, देव जाणे.

तेवढ्यात सासूबाई घरातून आल्या त्या काखोटीला गाठोडं मारून. जुन्या लुगड्याच्या धडप्यात बांधलेले सोडे. वास लपण्यासारखा नव्हताच.

"आये, ह्यां कोणाक?" ह्यांनी विचारलं. "थंय आपला कोण आसा?"

"आसूंदे," एवढंच त्या म्हणाल्या.

मला मात्र कळलं. माहेरी जाताना माझी पिशवी कशी भरली जायची ते मी दर वेळी बघत होते. बाईमाणूस माहेराच्या गावी रिकाम्या हाताने जात नाही. तिथं घ्यायला कोणी असो नसो, त्यांनी आपला रिवाज पाळला होता.

गाडीत त्या गाठोड्याने आमची सगळ्यांशी ओळख करून दिली. मागच्या बाकावरच्या एकाने "विकूक आसत काय?" म्हणूनही विचारलं. पण खरी गंमत मामंजींची. ज्या माणसाने चाळीस वर्षं समुद्राच्या लाटा अंगावर घेतल्या, त्याला कसालपर्यंत पोचायच्या आत गाडी लागली. सावंतवाडीला उतरले ते लिंबासारखे पिवळे होऊन. "दर्या बरो," एवढं एकच वाक्य ते दुपारपर्यंत बोलत होते.

मोती तलाव बघितला, काठावर बसून बरोबर आणलेली घावनं खाल्ली, मग चितारआळीत शिरलो. काय ते रंग! लाकडाची केळी, आंबे, वांगी, मिरच्या, इवलीशी चूल, इवलंसं जातं. एक जण फिरत्या लाकडावर लाख लावून वर केवड्याचं पान दाबत होता, आणि बघता बघता ते लाकूड चकाकायला लागलं. मथुरा तिथून हलेना. सासूबाई मात्र एकाही दुकानाकडे न बघता सरळ आळीच्या मागच्या बाजूला गेल्या. तिथे एक विहीर होती. विहिरीपलीकडे, जिथे त्यांचं घर असावं, तिथे लाकडाची वखार झाली होती. मी लांबून बघितलं, तिथल्या कुणा नवख्या वखारवाल्याला त्या काही विचारत होत्या. त्याने मान हलवली. "हयची जुनी माणसां आता कोण नाय," तो म्हणाला ते मला ऐकू आलं. त्या विहिरीच्या कठड्याला हात लावून उभ्या राहिल्या, गाठोडं तसंच काखेत.

त्यांना थोडा वेळ एकटं राहू द्यावं म्हणून मी मथुराला घेऊन मामंजींपाशी आले. ते एका दुकानाच्या पायरीवर डोकं धरून बसले होते. हे गाडीची चौकशी करायला गेले होते. दुकानातून एक पांढऱ्या केसांची बाई कोकमाचं सरबत घेऊन आली. आनंदीबाई तिचं नाव.

"खंयसून इलात?" तिने विचारलं.

"वायरीसून."

"वायरी?" बाई खालीच बसली. "आमच्या हयचां एक चेडू वायरीक दिल्लां. शेवंती. आसा मां बरां?"

मामंजींनी सरबताचा घोट घेतला, विचार केला आणि ठामपणे सांगितलं, "शेवंती नावाचां आमच्या वायरीत कोण नाय."

बाईचं तोंड उतरलं. "म्हंजे गेलां आसतलां," ती पुटपुटली आणि रिकामा पेला घेऊन आत गेली. मलाही वायरीतली कोणी शेवंती आठवेना. मथुराने लाकडी जात्यासाठी भोकाड पसरलं आणि तो विषय तिथेच राहिला.

परतीची गाडी स्टँडवर उभी होती. ती मालवणची शेवटची. मामंजी आणि हे चढले. सासूबाई गाठोडं सावरत माझ्या मागून येत होत्या. त्यांना बोलतं करावं म्हणून मी आपलं काहीतरी बोलायला म्हणून म्हटलं, "आये, थंय एक म्हातारी वायरीची कोण ती शेवंती इचारी होती."

त्या जागीच थांबल्या.

"तिना काय नाव घेतल्यान?"

"शेवंती."

"अगो, शेवंती म्हंजे मीच!"

आमच्यात लग्नात मुलीचं नाव बदलतात. तेरा वर्षांची शेवंती मांडवातून सुगंधा होऊन बाहेर पडली, आणि पस्तीस वर्षांत वायरीत तिला कुणी जुन्या नावाने हाक मारली नव्हती. नवऱ्यानेही नाही. वडील गेल्यावर ते नाव घेणारंच कुणी उरलं नव्हतं.

"कोण होती ती? पांढरी? उंच?" त्यांनी माझा दंड धरला. "आनंदी काकी आसतली गो! आवस गेल्यावर तिनाच माझी वेणी घातल्यान."

कंडक्टरने घंटी मारली. "चला, बसा, गाडी सुटतेय!" सासूबाईंनी एकदा गाडीकडे बघितलं, एकदा रस्त्याकडे. मला माहीत होतं, आता त्या मुकाट्याने गाडीत चढणार. आमच्यापैकी कुणाला त्रास होईल असं काही त्यांनी केलंच नव्हतं कधी.

पण त्याआधी मामंजी खाली उतरले. त्यांनी ऐकलं होतं. इतकं शरमलेलं तोंड मी त्यांचं पुन्हा पाहिलं नाही. "जावंदे गाडी," ते म्हणाले. "चुकी माझी. नाव माकाच आठवूक होया होतां. तू जा गो, काकी वाट बघता तुझी."

आणि आमच्या सासूबाई धावल्या. भर बाजारातून, नऊवारी सावरत, काखेत गाठोडं घेऊन. मी मथुराला कडेवर घेऊन मागून धावत होते आणि धावता धावता रडत होते.

आनंदीबाई दारातच बसल्या होत्या. "शेवंती गो माझी," म्हणून त्यांनी सासूबाईंच्या तोंडावरून हात फिरवला, आणि आमच्या सासूबाई, अख्ख्या घराचा आधार, त्यांच्या मांडीवर डोकं ठेवून लहान मुलीसारख्या हुंदके द्यायला लागल्या. सोड्यांचं गाठोडं शेवटी योग्य हातात पडलं. गाडी गेलेलीच होती, त्यामुळे आम्ही सगळी तिथेच राहिलो. दुसरं काय करणार? आणि कुणाला दुसरं काही करायचंही नव्हतं. त्याच सोड्यांचं कालवण झालं आणि आम्हा सगळ्यांना पुरवण्यासाठी आनंदीबाईंनी घरातला शेवटचा नारळ फोडला.

सकाळी त्यांनी सासूबाईंना पुढ्यात बसवून वेणी घातली. मग ओटी भरायला तांदूळ घेतले, खण घेतला, आणि नारळ काढायला गेल्या तर नारळच नाही. बाई क्षणभर गोंधळल्या. मग दुकानात जाऊन मुलाच्या हातचा रंगवलेला लाकडी नारळ घेऊन आल्या. "ह्यो काय नासाचो नाय," म्हणत त्यांनी तो पदरात घातला. "पुढच्या वर्षी खरो घेवक ये." सासूबाईंनी वाकून नमस्कार केला. त्या बाईचे उपकार मी जन्मात विसरणार नाही, आणि ज्या बाईने स्वतःची माहेरची ओटी रिकामी असताना दर वेळी माझी पिशवी भरून मला माहेरी धाडलं, तिचे तर फिटणारेच नाहीत.

वायरीत पोचलो तेव्हा काशीबाई पाणंदीतच वाट बघत होत्या. आदल्या संध्याकाळी आम्ही आलो नाही म्हणजे स्थळ पक्कं झालं, असा त्यांचा हिशेब. पण मुलीची काही बातमी मिळेना, तेव्हा त्यांनी सासूबाईंना विचारलं, "मगे, बघलंस सावंतवाडी? कशी आसा?"

सासूबाईंनी पदरातला नारळ सारखा केला.

"माका काय म्हायत?" त्या म्हणाल्या. "मी माहेराक गेल्लंय."