उत्तर ध्रुवाच्या समुद्राविषयीचा अर्ज

शारजामध्ये मी गेली एकोणीस वर्षे अर्ज लिहीत आहे. माझे शिक्षण नववीपर्यंत झाले, ही गोष्ट मी कोणापासून लपविली नाही. परंतु माझ्या हातचा अर्ज सहसा परत येत नाही, हेही येथील लोक जाणतात. टायपिंग सेंटरमधील काचेच्या दाराजवळचे टेबल माझे. या कामाचा एक नियम मी स्वतःच घालून घेतला होता: अर्जात शंका ठेवावयाची नाही. 'बहुधा', 'कदाचित', 'असे वाटते' हे शब्द वाचले की वरच्या माणसाला नकाराचे निमित्त सापडते. "पासपोर्ट मुकादमाकडेच असेल बहुतेक," असे मजूर सांगे. मी "पासपोर्ट मुकादमाच्या ताब्यात आहे" असे लिहीत असे. कामे होत असत.

गेल्या वर्षी शारजातच अल मजाज भागात राहणारी एक बाई आपल्या मुलीला घेऊन आली. माणसे मूळची रत्नागिरीच्या किनाऱ्यावरची. मुलीने भूगर्भशास्त्राची पदवी घेतली होती आणि थंड मुलुखातील एका विद्यापीठात तिला पुढील शिक्षणासाठी जागा मिळाली होती. प्रश्न खर्चाचा होता. आमच्या भागातून येथे आलेले काही जुने व्यापारी एकत्र येऊन दरवर्षी दोन मुलांचा शिक्षणखर्च उचलतात. त्यांची अट एकच, अर्ज मराठीत हवा. गावाची भाषा सुटू नये, हा हेतू. मुलगी येथेच वाढलेली. मराठी बोलत असे, परंतु तिला मराठी अक्षरे वाचता येत नव्हती.

"भाऊ, वजनदार लिहा," आई म्हणाली. "हिच्या बोलण्यात दमच नाही. सारखं आपलं मे बी, मे बी."

मुलीला हसू आले. मला विषय समजावा म्हणून तिने पुष्कळ कष्ट घेतले. उत्तर ध्रुवावर बर्फाखाली महासागर आहे, त्याच्या तळाचा एक मोठा भाग कसा तयार झाला हे तिला शोधावयाचे होते. जमीन खचली आणि पाणी भरले, असे मी शाळेत शिकलो होतो आणि तसे तिला सांगितलेही. तिने नम्रपणे नकारार्थी मान हलविली. मग उठून आमचे काचेचे दार हळूहळू उघडले. चौकट म्हणजे कॅनडाचा किनारा, दार म्हणजे अलास्का. दोन्ही एके काळी चिकटलेली होती. बिजागरी एका टोकाला राहिली, दार फिरत दूर गेले, आणि मधल्या फटीत खालून तप्त खडक वर येऊन नवा तळ तयार झाला. हे कोट्यवधी वर्षांपूर्वीचे. बाहेरची ऊन हवा आत येऊ लागली तशी तिने दार लावले.

"हे कोणी पाहिले आहे काय?" मी विचारले.

"तेच तर ना, काका. नक्की माहीत नाहीये. वर बर्फ, खाली खूप जाड गाळ. काही लोक म्हणतात, दार असं फिरलंच नाही, दुसऱ्या पद्धतीनं सरकलं. म्हणून मला जायचंय."

मी सर्व टिपून घेतले. घरी बसून दोन दिवस अर्ज रचला. भाषा इतकी साधली होती की मी तो स्वतःलाच मोठ्याने वाचून दाखविला. त्यात मी लिहिले: "अलास्काचा भूभाग कॅनडापासून फिरून दूर गेल्यामुळेच हा महासागर निर्माण झाला, हे निर्विवाद सिद्ध झाले आहे." तिची शंका मी काढून टाकली. मुलीने अर्जावर विश्वासाने सही केली. वाचून दाखवा, असे ती म्हणाली नाही आणि मीही दाखविले नाही.

मुलाखत एका हॉटेलच्या वरच्या दालनात होती. असे प्रसंग असले की मला मानाने बोलावितात. मी मागच्या खुर्चीवर होतो. व्यापारी मंडळींनी या विषयासाठी भूगर्भशास्त्राचे एक निवृत्त प्राध्यापक बोलाविले होते. त्यांनी ते वाक्य सावकाश वाचले आणि चष्मा काढला.

"बेटा, हे सिद्धच झालेलं असेल, तर तू तिथे जाऊन काय शोधणार?"

मुलगी गोंधळली. "सर, आय नेव्हर सेड प्रूव्हन."

"सही तुझी आहे ना?"

तिने मागे वळून माझ्याकडे पाहिले. एक वाक्य बोलावयाचे होते: शब्द माझे आहेत. मी समोरच्या पाण्याच्या बाटलीचे झाकण घट्ट केले. समोर बसलेल्या पाच जणांपैकी तिघांचे अर्ज मी लिहिले होते. त्यांच्यासमोर नववी पास माणसाने शास्त्र बदलले, हे माझ्या तोंडून निघेना. कोणीतरी हलकेच म्हणाले, "आजकालची पोरं, दुसऱ्याकडून लिहून घेतात आणि सही ठोकतात." लोक हसले. निर्णय तीन दिवसांनी होणार होता.

त्याच संध्याकाळी मी मंडळींना पत्र लिहावयास हवे होते. पहिला दिवस मी मनाशी वाद घालण्यात घालविला. दुसऱ्या दिवशी लिहिले, "टंकलेखनातील चुकीमुळे अर्थ बदलला," आणि हे पत्र घेऊन अल मजाजला त्यांच्या घरी गेलो. मुलीने ते वाचून दाखवावयास सांगितले.

"टायपिंगमध्ये अख्खं वाक्य कसं चुकतं, काका?" तिने विचारले. आवाज चढलेला नव्हता. आई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिने चहा आणला नाही.

मग मी तेथेच बसून दुसरे पत्र लिहिले. त्यात लिहिले: मुलीने शंका सांगितली होती, मी ती अर्ज कमकुवत होईल म्हणून काढली, तिला वाचता येत नाही हे मला ठाऊक होते. आयुष्यात स्वतःसाठी लिहिलेला हा माझा एकमेव अर्ज. चार ओळींना दीड तास लागला. तिसऱ्या दिवशी दुपारी मी तो घेऊन गेलो, तेव्हा मंडळी सकाळीच बसून उठली होती. दोन्ही नावे ठरली होती. मागे थांबलेल्या प्राध्यापकांनी पत्र वाचले आणि ते म्हणाले, "काल आणलं असतंत, तर मी भांडलो असतो." विद्यापीठाने तिच्यासाठी जागा राखून ठेवली नाही.

ती आता उम्म अल कुवैनच्या औद्योगिक भागात, बांधकामासाठी माती तपासणाऱ्या एका कंपनीत काम करते. पुन्हा प्रयत्न करणार असे आईकडून कळले; अर्ज कोणाकडून लिहून घेणार हे मी विचारले नाही.

मागच्या महिन्यात व्हिसा वडिलांच्या नावावरून कंपनीच्या नावावर करून घेण्यासाठी ती आमच्या सेंटरमध्ये आली. माझा सहकारी नमाजाला गेला होता, म्हणून तिला माझ्या टेबलावर यावे लागले. तिने सलाम केला, तब्येत विचारली. मी नाव, जन्मतारीख, हुद्दा भरत गेलो. शेवटचे बटण दाबणार, तेवढ्यात ती म्हणाली, "काका, स्क्रीन जरा माझ्याकडे फिरवा."

मी फिरवली. ती बोट ठेवून इंग्रजीतील एकेक रकाना वाचू लागली. मागे रांग वाढली, कोणी "यल्ला, यल्ला" म्हणू लागले. तिने घाई केली नाही, आणि मीही तिला घाई कर असे म्हणू शकलो नाही.